थोरल्याचा पाट

कोजागरीचा चंद्र मला बघवत नाही. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई विनोद करतेय. एरवीची पुनव मला चालते. चैत्रातली चालते, वैशाखात गच्चीवर झोपलं की डोळ्यांवर येते तीही चालते. पण आश्विनातली आली, शेजारीपाजारी वेलची कुटायला लागले, की माझं डोकं उठतं. यात चंद्राचा काही दोष नाही. दोष माझ्या सासूचा आहे. ती वारली म्हणून मी आता तिच्याबद्दल गोड बोलेन अशी आशा कुणी ठेवू नये. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम बहुतेक एखाद्या सासूनंच जाण्याआधी करून ठेवला असावा.

लग्न होऊन मी सेनगाव तालुक्यातल्या त्या गावात आले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. कोर्टकचेरीचं काम निघालं की परभणी गाठावी लागायची. माझं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठचं. पाण्याखालची जमीन, घरात खाणारी तोंडं भरपूर आणि बोलणारी त्याहून जास्त. सासर कोरडवाहू, आणि तिथं बोलायचा हक्क एकटीला होता. तिला मी रिवाजाप्रमाणं आत्याबाई म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. मुलं दोन. थोरले नांदेडला सरकारी नोकरीत, बायकामुलांसह तिथंच राहणारे. धाकटा म्हणजे माझा नवरा. तो शेती बघतो, असं थोरले चारचौघांत सांगायचे. नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं तो करायचा आणि बघायला मात्र थोरले यायचे, वर्षातून एकदा, कोजागरीला.

कोजागरीला आमच्याकडं घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. आईनं ओवाळायचं. चंद्र वर आला, आटवलेल्या दुधात त्याचं बिंब पडलं, की थोरल्या लेकराला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, नवा कपडा द्यायचा. लेकरू पन्नाशीचं झालं तरी आईच्या लेखी लेकरूच. माझ्या माहेरीही हे होतं, पण माझी आई थोरल्याला ओवाळून झालं की ताट खाली ठेवत नसे. ती म्हणायची, पोटात जागा सगळ्यांना सारखीच लागली होती. मग भाऊ उठला की बहीण बसायची, बहीण उठली की मी, अन् माझ्यानंतर शेंडेफळ. निरांजनातलं तूप संपेस्तोवर ओवाळणं चालायचं. मी तिसरी असून ताट माझ्यापर्यंत यायचं. सगळीकडं असंच असतं अशी माझी समजूत होती.

पहिल्या कोजागरीला मी नवी नवरी. सोयाबीनची काढणी ऐन भरात आलेली. नवरा पहाटे शेतात जायचा आणि दिवेलागणीला यायचा, अंगभर ती बारीक खाजरी लव घेऊन. त्या दिवशी तो दुपारीच परतला. विहिरीवर घासूनपुसून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, भांग पाडला. मला वाटलं, माझ्यासाठी. मनातल्या मनात मी लाजलेसुद्धा. मग तो माळवदावर चढला. आमच्या घराचं छत मातीचं, सपाट, त्याला माळवद म्हणतात. तिथं त्यानं झाडलोट केली, चूल मांडली, लाकडं चढवली, म्हशीचं दूध वर नेलं आणि शेवटी पाट नेऊन पूर्वेकडं तोंड करून मांडला. थोरल्यांसाठी आणलेला नवा सदराही त्यानंच सेनगावच्या बाजारातून घेतला होता. भावाच्या गळ्याचं माप त्याला तोंडपाठ होतं.

सांजेच्या जीपमधून थोरले उतरले. हातात एक पिशवी, तीही रिकामी. जाताना भरून न्यायला आणलेली. आत्याबाई वेशीपर्यंत सामोऱ्या गेल्या. आमच्या घरात कुणासाठी तरी वेशीपर्यंत जातात हे मला तेव्हा कळलं.

चंद्र उगवला. तुरीच्या उभ्या पिकामागून आला, आधी तांबूस, मग पिवळा, मग पांढराफटक. दूध उतू येत होतं आणि मी पळी फिरवत होते. खाली गल्लीत पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होत्या. आत्याबाईंनी ताट आणलं. त्यात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. थोरले पाटावर बसले. आत्याबाईंनी सुपारी आणि अंगठी त्यांच्या तोंडावरून फिरवली, ओवाळलं, डोक्यावर कापूस ठेवला आणि कापसासारखा पिकून म्हातारा हो असा आशीर्वाद दिला. विधवा बाईनं ओवाळावं का, असं गावात कुणीतरी पूर्वी विचारलं होतं म्हणे. त्यावर या म्हणाल्या होत्या की लेकराला ओवाळायला नवरा कशाला लागतो. ही एक गोष्ट मला त्यांची आवडली होती, आणि हे मी एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

थोरले उठले. मी माहेरच्या सवयीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, बसा म्हटलं. तो हलला नाही. मीच पुढं होऊन पाट नीट केला, त्याच्यासाठी. तेवढ्यात आत्याबाईंनी फुंकर घातली आणि निरांजन विझवलं. माझ्याकडं पाहून त्यांनी पाट उचलायला सांगितला. नवरा माझ्याकडं बघून कसनुसं हसला आणि पेले भरायला बसला.

त्या रात्री मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, आमच्यात थोरल्यालाच असतं. मी म्हटलं, तुम्हाला काही वाटत नाही? तो म्हणाला, काय वाटायचंय. मग त्यानं एक गोष्ट सांगितली. शाळेत जायच्या आधीच्या वयाची. थोरले दुधाच्या नादात चुलीपाशी होते, पाट रिकामा होता, आणि हा जाऊन त्यावर बसला. मांडी घालून, डोळे मिटून. मायनं दंडाला धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. मारलं नाही, रागावलीही नाही. पातेलं बाजूला ठेवावं तसं ठेवलं. हे त्यानं हसत सांगितलं. पण इतकी वर्षं ध्यानात ठेवून सांगितलं, आणि मला कळायचं ते कळलं. त्या धुतलेल्या सदऱ्याचं आणि पाडलेल्या भांगाचंही कळलं. माणूस दर कोजागरीला तयार होऊन बसत होता. न जाणो, ताट वळलं तर.

पुढची सगळी वर्षं मी त्या ताटाकडं डोळे लावून काढली. चंद्र सगळं जग बघायचं, मी ताट बघायची. आत्याबाईंच्या ध्यानात ते आलं होतं. ओवाळून झालं की आता त्या मुद्दाम माझ्याकडं तोंड करून फुंकर घालायच्या.

थोरले वाईट नव्हते. हेच तर अवघड. शिवीगाळ करणारे, ओरबाडणारे असते तर मला भांडायला हुरूप आला असता. ते गोड बोलायचे, माझ्या हातच्या भाकरीचं कौतुक करायचे, लेकरांना जवळ घ्यायचे. पाटावर बसून उंटावरून शेळ्या हाकायचे तेवढे. यंदा कपाशी जास्त लावायला हवी होती, तुरीत पाणी साचू द्यायला नको होतं. कापूस डोक्यावर ठेवून घेऊन हे सांगायचे, आणि माझा नवरा खाली उकिडवा बसून 'बराबर हाय, दादा' म्हणायचा. दुसऱ्या दिवशी रिकाम्या पिशवीत तूप, डाळ, घरचे तीळ भरून ते जीपमध्ये बसायचे. त्यांना एकदाही वाटलं नाही की उठताना म्हणावं, माय, आता याला ओवाळ. एवढं म्हटलं असतं तर मी त्यांची पिशवी स्वतःच्या डोक्यावरून फाट्यापर्यंत नेली असती.

मला दोन लेकरं झाली. आधी मुलगी, पाठोपाठ मुलगा. मी दोघांनाही ओवाळायची, खाली स्वयंपाकघरात, आत्याबाईंच्या देखत. त्या म्हणायच्या, पोरीला ओवाळलंस ते ठीक, पयली हाय. पाठच्याला कशाला? मी म्हणायची, तोही माझाच आहे. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि मला बरं वाटायचं. कोजागरीला चंद्रप्रकाशात सुईत दोरा ओवतात, म्हणजे नजर साफ राहते. त्या एका झटक्यात ओवायच्या आणि सुई माझ्यापुढं धरायच्या, आता तू ओव म्हणून. मला कधी जमलं नाही. तेवढ्यावर त्या आठवडाभर खूश असायच्या.

मग ते साल आलं. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि गावातली माणसं विनाकारण हिंगोलीला जाऊन येत होती. कोजागरीला सगळी तयारी झाली. नवऱ्यानं माळवद झाडलं, चूल पेटवली, पाट मांडला. जीप आली, पण तिच्यातून थोरले उतरले नाहीत. ड्रायव्हरनं निरोप दिला की ते येणार नाहीत. त्यांच्या कॉलनीत सगळ्यांनी मिळून कोजागरी करायचं ठरलंय, मंडप घातलाय, गाण्यांचा कार्यक्रम आहे, आणि सगळं त्यांच्याकडं सोपवलंय. मायला वाईट वाटून घेऊ नको म्हणावं.

आत्याबाई माळवदाच्या कडेला जाऊन रस्त्याकडं बघत बसल्या. चंद्र वर चढला, दूध आटत आटत रबडीसारखं झालं, मी दोनदा आच कमी केली. तळाशी करपल्याचा वास यायला लागला तेव्हा त्या उठल्या. मला वाटलं, आता. पाट रिकामा आहे, ताट तयार आहे, आणि पाटापासून दोन हातांवर धुतलेल्या सदऱ्यात तिचा पोटचा पोरगा बसलाय. नवरा सावरून बसला. त्यानं घसा खाकरला. भांगावरून एकदा हात फिरवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आत्याबाईंनी तो नवा सदरा घेतला, घडी न मोडता पाटावर ठेवला, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि त्या सदऱ्याला ओवाळायला लागल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मी सासूपुढं आवाज चढवला नव्हता. कुरकुर केली, भांडी आपटली, पण आवाज चढवला नव्हता.

"आत्याबाई, कापडाला काहून ओवाळून राहिल्या?" मी म्हटलं. "जितं माणूस बसलंय हितं. तुमच्याच पोटचं हाय. फिरवा की ते ताट त्याच्याकडं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि चंद्राच्या उजेडात त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसला. त्यात राग नव्हता. किळस होती.

"पाठच्याला ओवाळायची पाळी कवा येते, ठाऊक हाय का तुला?" त्या म्हणाल्या. "पयला मेल्यावर. तू काय मागून राहिली ते तुला तरी समजून राहिलंय का, बाई?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. माहेरी ताट सगळ्यांपुढून फिरायचं आणि आमच्यातलं कुणी मेलं नव्हतं. माझ्या आईला जे वाटणं होतं ते हिला मरण मागणं होतं. नवऱ्याला हे ठाऊक असणार. म्हणूनच तो इतकी वर्षं फक्त बसत होता, मागत नव्हता. पण मला गप्प बसणं कधी पुरतं जमलेलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडं चौघांना ओवाळतात आणि चौघंही ठणठणीत आहेत. त्या म्हणाल्या, तुमच्याकडं कालव्याचं पाणी पिऊन माणसांना लाज राहिली नाही. नवऱ्यानं माझा हात धरला आणि मला शिडीवरून खाली नेलं. मला वाटलं आता तो मला बोलेल. तो म्हणाला, दूध करपलंय, लेकरांना देऊ नको. एवढंच.

त्यानंतर आत्याबाई माझ्याशी थेट बोलेनाशा झाल्या. बोलायचं असलं की म्हशीला सांगायच्या. म्हशे, तुझ्या मालकिणीला सांग, आज कढी पातळ झालीय. मीही म्हशीलाच उत्तर द्यायची. त्या बिचाऱ्या जनावरानं आमच्या दोघींचं जेवढं ऐकून घेतलं तेवढं गावात कुणी कुणाचं ऐकून घेतलं नसेल. पुढच्या कोजागरीला थोरले आले, त्याच्या पुढच्या वर्षीही आले, पाटावर बसले, डोक्यावर कापूस ठेवून घेतला. मी माळवदावर जाणं सोडून दिलं. नवरा मात्र जायचा. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मी म्हणायची, काहून जाता? तो म्हणायचा, दूध ढवळायला कोणी लागतंच की.

आणि मग थोरले गेले. उन्हाळ्याचे दिवस होते. नांदेडला सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. कापसासारखे पिकून म्हातारे व्हायचे राहिले. फोन आला तो वाण्याच्या दुकानात. नवरा शेतातून धावत आला आणि चप्पल न घालता तसाच जीपमध्ये चढला. माती नांदेडलाच झाली. तो आत्याबाईंना हाताला धरून घेऊन गेला आणि हाताला धरूनच घेऊन आला.

गावातल्या बाया भेटायला जमल्या. सोप्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी आत्याबाईंना पाणी द्यायला गेले. म्हशीची मध्यस्थी आता सुटेल, दुःखात माणसं विसरतात, असा माझा भाबडा समज. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "झालं तुझ्या मनासारखं."

बायांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर मी गेले की गप्पा थांबायच्या. कोजागरीच्या रात्रीचं आमचं भांडण गल्लीनं ऐकलेलं होतंच, आता त्याला अर्थ मिळाला. जाऊबाई वर्षश्राद्धाला भेटल्या तेव्हा माझ्या लेकरांना जवळ घेतलं आणि माझ्या हातचा चहा नको म्हणाल्या. मी थोरल्यांचं मरण कधी मागितलं नव्हतं. मी निरांजन मागितलं होतं. पण हे सांगायचं कुणाला? जो उठेल तो माझ्याकडं असं बघायचा की जणू मीच नांदेडला जाऊन त्यांची छाती दाबून आले. आत्याबाईंनी माझ्या हातचं खाणं बंद केलं. मागच्या पडवीत स्वतःची चूल घातली आणि आपली भाकरी आपण थापू लागल्या. मी काही दुरुस्त करायला गेले नाही. खाऊ दे म्हटलं जाडजूड भाकरी.

पहिलं वर्ष सण नव्हता. दुसऱ्या वर्षी कोजागरी आली. गावात तेव्हा सांजेला वीज नसायची, त्यामुळं पुनवेचा उजेड सगळ्यांना हवासा असायचा. दोन-चार दिवस आधीपासून मी बघत होते. आत्याबाईंनी ताट चिंचेनं घासलं. वात वळली. सुपारी, अंगठी काढून ठेवली. माझ्या मनात काय काय आलं ते लपवत नाही. मनात आलं, आता तर हिला दुसरा इलाज नाही. आता हाच थोरला. पाठच्याला ओवाळायला जो पयला मरावा लागतो, तो मेला. मला या विचाराची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. माझा नवरा चाळिशी ओलांडून गेला होता. कानशिलावर पांढरे झाले होते. अजून किती बसायचं त्यानं?

त्या दिवशी मीही माळवदावर गेले. लेकरांना खाली झोपवलं. नवऱ्यानं नेहमीसारखी चूल मांडली, दूध चढवलं. पाट मात्र आणला नाही. तो खाली आत्याबाईंच्या खाटेखाली होता आणि त्या सांगतील तेव्हा आणू, असं त्याला वाटलं असावं. चंद्र वर आला. दुधात दिसायला लागला, मोठा, हलणारा. आत्याबाई ताट घेऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी तोंड आभाळाकडं केलं, चंद्राला अक्षता वाहिल्या, चंद्राला ओवाळलं, सुपारी आणि अंगठीसुद्धा चंद्रापुढं फिरवली. आणि फुंकर घालायला ताट तोंडाजवळ आणलं.

"थांब, माय," नवरा म्हणाला.

तो शिडीवरून खाली गेला. खालून पाट ओढल्याचा आवाज आला. वर येऊन त्यानं तो पूर्वेकडं तोंड करून मांडला, हातानं पुसला आणि त्यावर मांडी घालून बसला.

"मला ओवाळ," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही मागितलं होतं. तोवर त्यानं माझ्याकडं, भावाकडं, कुणाकडंच काही मागितलं नव्हतं.

"ऊठ तिथून," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई उठत."

"तुला ओवाळलं तर त्यो गेला म्हून मानावं लागंल मला. मी न्हाई मानत."

"गेलाय त्यो, माय." त्याचा आवाज चढला नव्हता. शेतातून आल्यावर पाणी मागावं तसा बोलत होता. "मी हाय. हितं बसलोय."

आत्याबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्याच्या कानशिलांकडं, भेगाळलेल्या हातांकडं, धुतलेल्या सदऱ्याकडं. मला वाटतं, त्या रात्री त्यांनी त्याला जेवढं पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. निरांजन त्यांच्या हातात जळत होतं. मग त्या वाकल्या, जळतं ताट तसंच त्याच्यापुढं जमिनीवर ठेवलं, आणि पाठमोऱ्या होऊन, पायानं एकेक पायरी चाचपत शिडीवरून उतरून गेल्या.

मी ताट उचललं. मला काय करायचं होतं ते तोवर पक्कं झालं होतं. हिला जमत नसेल तर मी ओवाळीन, सुपारी फिरवीन, डोक्यावर कापूस ठेवीन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आशीर्वाद देईन. त्यानं माझं मनगट धरलं.

"तुझं पाडव्याला असतंय," तो म्हणाला. "हे मायचं हाय."

मी ताट खाली ठेवलं. तो बसून राहिला, निरांजनाकडं बघत. चुलीवरचं दूध कुणी ढवळत नव्हतं. त्याच्यावर जाड साय धरली आणि त्यातला चंद्र दिसेनासा झाला. वात फडफडायला लागली तेव्हा त्यानं हात पुढं केले, देवळात आरती घेतात तसे दोन्ही तळहात ज्योतीवरून फिरवले आणि आपल्याच डोळ्यांना लावले. मग उठला, पाट काखेत मारला आणि खाली गेला.

मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल तिला. एक शब्द तरी. इतक्या वर्षांचा एक तरी शब्द. मी शिडीच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होते. पाट खाटेखाली सरकवल्याचा आवाज आला. आणि मग त्याचा आवाज, रोजच्यासारखाच.

"माय, दूध आणू का?"

"आण," ती म्हणाली. "कोमट आण."

त्यानं वर येऊन पेला भरला, साय बाजूला केली, फुंकर घालून घालून कोमट केला आणि घेऊन गेला. मी वर एकटी राहिले, डोक्यावर तो चंद्र. त्या दोघांपैकी मला कुणाचा राग जास्त आला होता, ते अजून ठरत नाही.